भिंतीपलीकडची नेला

सान तिर्सो,
१८ जानेवारी १९५९

चि. नेला हिस,
तेल्वाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाताळचं पत्र आणि फोटो मिळाला. फोटो सासूबाईंनी आधी लांब धरून पाहिला, मग जवळ, आणि मेक्सिकोत कापड फार महाग असावं एवढंच म्हणाल्या. मी तो खिडकीपाशी लावला होता. दुसऱ्या दिवशी बघते तर तुझ्या उघड्या खांद्यांवर त्यांनी साधूसंतांच्या तसबिरीचा कोपरा सरकवून ठेवलेला.

तुझा नवा सिनेमा गेल्या रविवारी लागला. आपण दोघी जिथे मासळी खारवायला बसायचो त्या वखारीचं फेर्मिनशेठनी सिनेमाघर केलं, त्याला या वसंतात सहा वर्षं होतील. दमट हवेत अजून खुर्च्यांना मिठाचा वास येतो म्हणतात. मला कुठून ठाऊक असणार? माझा लाउरेआनो गेला आणि त्यानंतर ते उघडलं. काळ्या कपड्यातल्या बाईनं सिनेमाला जायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, गायचं नाही. आमचा रेडिओ सासूबाईंनी त्या दिवशी काळ्या फडक्यात बांधला तो तसाच आहे. पण माझ्या स्वयंपाकघराची आणि वखारीची भिंत एकच, आणि भिंत काही दुखवटा पाळत नाही.

म्हणून रविवारी दुपारी चारला मी फाबाचे पांढरे दाणे निवडायला बसते. नेमक्या त्याच वेळी सासूबाईंना भिंतीला पाठ टेकून जपमाळ ओढायची असते. तुझं गाणं लागलं की माळ थांबते, संपलं की पुढे सरकते. आपण काही ऐकत नव्हतो, असं त्यांचं म्हणणं. खेळ सुटला की शेजारची बाल्बिना येते आणि काय काय दिसलं ते सांगते. तुझे सगळे सिनेमे मी असे कानांनी आणि बाल्बिनाच्या तोंडून पाहिलेत. तिच्या सांगण्यात प्रत्येक नायकाला तिच्या कैलासवासी नवऱ्यासारख्या मिशा असतात.

येत्या नऊ मेला सात वर्षं पुरी होतात. समुद्रानं ज्याला परत दिलं नाही त्याचा दुखवटा सात वर्षं, हे तुला माहीत आहेच. फेर्मिनशेठनी ते दिवस माझ्याआधी मोजलेत. मला रस्त्यात गाठून म्हणाले की यंदा कार्मेनमाउलीच्या जत्रेला, सोळा जुलैला, नेलाला बोलाव. माउलीच्या मूर्तीची होडी सुटताना धक्क्यावरून निरोपाचं गाणं तिनंच म्हणायचं. तू गेल्यापासून अकरा वर्षं ते कोणी एकटीनं म्हटलेलं नाही. कर्ण्यावर तुझी जुनी तबकडी लावतात, आणि ती दर वर्षी त्याच जागी अडखळते. शेठ तुला वेगळं पत्र लिहिणार आहेत. गावानं आत्तापासून तू येणार असं धरलंच आहे.

एक विचारायचं होतं. सिनेमात लग्नाच्या मांडवात तू जे गाणं म्हणतेस, ते म्हणताना तुला पडसं झालं होतं का? आणि तू श्वास कुठे घेतेस हल्ली?

लोभ आहेच. तो भिंतीपलीकडून येतो तसा समुद्रापलीकडूनही येत राहो.

तुझी,
तेल्वाताई

---

मेक्सिको शहर,
९ फेब्रुवारी १९५९

ती. तेल्वाताईस,
नेलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

ताई, आधी तुझ्या पाकिटाबद्दल. त्याला ती काळी किनार असते ना, तिनं इथे घोटाळा होतो. हॉटेलचा म्हातारा दरवान ते दोन्ही हातांवर धरून वर घेऊन येतो, टोपी काढतो आणि मला धीर देतो. आत्तापर्यंत त्यानं माझ्या अठरा नातेवाइकांसाठी क्रूस केलाय. सांगायला गेले तर तो आणखीच हळवा होतो.

माझं काय सांगू. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी हात लांब करून भिंत चाचपते. भिंत ओली लागली तर हवाना, धुळीची लागली तर लिमा, आणि काहीच लागलं नाही तर मी विमानात असते. ढगांवरून जाताना वाटतं की खाली सगळीकडे मीठच पसरलंय, आणि कोणीतरी आत्ता टोपल्या घेऊन येईल. शहरं येतात, मी उतरते, हात हलवते, फुलं घेते, पुन्हा चढते. बुएनोस आयरेसला एक म्हातारा भेटायला आला. आपल्या पलीकडच्या खाडीतला, चाळीस वर्षांपूर्वी गाव सोडलेला. रुमालात मक्याची भाकरी बांधून आणली होती त्यानं.  मी ती खाईपर्यंत समोर उभा राहिला, रुमालाची घडी घातली आणि गेला.

फेर्मिनशेठचं पत्र पोचलं. त्यात तीन ठिकाणी गावाची कन्या आणि दोन ठिकाणी गावाचं भूषण आहे. त्यांना माझ्या वतीनं सांग की जुलैत मला वेळ नाही. करार आहेत. पुढल्या वर्षी बघू.

पडसं नव्हतं. इथे एक इटालियन मास्तर गळ्याचं शिकवतात, त्यांनी श्वासाची जागा बदलायला लावली. तू फार बारीक ऐकतेस.

सासूबाईंना नमस्कार, आणि खांदे झाकल्याबद्दल आभार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, इथे उन्हात सगळंच आटतं.

तुझी,
नेला

---

सान तिर्सो,
३ मार्च १९५९

चि. नेला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

बोकार्त मासळी अजून लांब आहे, होड्या रिकाम्या येतात. बाल्बिनाचा गुडघा सुजलाय, तरी तुझा सिनेमा तिसऱ्यांदा पाहून आली आणि नेला दिवसेंदिवस गोड गाते म्हणाली. सगळं गाव तेच म्हणतं. त्यांना डोळे आहेत ना. तुझे ओठ हलतात, गाणं ऐकू येतं, संपलं.

मला फक्त भिंत आहे. म्हणून मी सरळच लिहिते. ती तू नाहीस.

बोलतेस ती तू. रडतेस ती तू. गाते ती दुसरी कोणीतरी आहे. चांगली गाते, तुझ्याहून स्वच्छ. पण ती ओळ संपल्यावर श्वास घेते. मिठाच्या टेबलावर शिकलेली बाई शेवटच्या शब्दाच्या आधी श्वास घेते, म्हणजे मिठानं घसा धरला तरी तो एक शब्द शेजारणीच्या कानात पडेपर्यंत टिकतो आणि ती ओळ उचलते. होड्या बाहेर असताना ओळ खाली पडू द्यायची नाही, हे आईनं आपल्याला चालायच्या आधी शिकवलं. कोणता इटालियन मास्तर ते तुझ्या अंगातून काढणार?

मी कोणाला बोललेले नाही. सासूबाईंचं सांगता येत नाही, कारण या गाण्याला त्यांची माळ थांबली नाही.

रागावले असं समजू नकोस. तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. मला वाचता येत नव्हतं तेव्हा तुझी पत्रं लाउरेआनो वाचून दाखवायचा. टेबलाशी बसायचा, चष्मा लावायचा, आणि वाचायचा की ताई, भाऊजींना फाबा वाढताना एक पळी जास्त वाढ. ताई, भाऊजी दिसतात त्यापेक्षा देखणे आहेत. मी हसायचे आणि पळी जास्त वाढायचे. तो गेल्यावर मी त्याच्या भरती-ओहोटीच्या पंचांगावरून अक्षरं जुळवत वाचायला शिकले, ते तुझी जुनी पत्रं पुन्हा ऐकता यावीत म्हणून. आणि शिकल्यावर बघते तर कुठल्याच पत्रात पळी नाही. सगळी पत्रं पुन्हा चाळली. एकदाही नाही.

चार वर्षं त्यानं तुझ्या तोंडी आपले शब्द घातले, आणि त्या शब्दांनी मी तुझ्यावर अधिकच माया केली. तेव्हा दुसऱ्याचा आवाज ही काही मला भयंकर गोष्ट वाटत नाही. फक्त तुझा कुठे गेला ते मला सांग.

लपवाछपवी वजा करून जो लोभ उरेल तो पुष्कळ आहे.

तुझी,
तेल्वाताई

---

मेक्सिको शहर,
२८ मार्च १९५९

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस खोलीबाहेर पडले नाही. दरवानाला वाटलं या खेपेला कोणीतरी खरंच गेलं. तसं ते खोटंही नव्हतं.

सत्तावन्नच्या ऑक्टोबरात माझ्या घशात दोन गाठी निघाल्या. मसुराच्या दाण्याएवढ्या. त्या आधी वर्षभर मी रोज दोन खेळ गात होते, ताप असला तरी. डॉक्टरांनी कापल्या. दोन महिने बोलायचं नव्हतं, गळ्यात पाटी घालून हिंडायचे. पाटी काढली तेव्हा बोलणं परत आलं, गाणं आलं नाही. आलं ते दुसऱ्याच कोणाचं तरी. खालच्या पट्टीत जाडंभरडं चालतं, आणि वर चढायला गेलं की तुटतं.

निर्मात्यांनी ओरालिया नावाची पोरगी शोधून काढली. व्हेराक्रूसकडची, वीस वर्षांची, कोंबडीसारखी मान हलवत गाते. काचेच्या खोलीत ती गाते आणि काचेच्या बाहेर मी तिच्या ओठांकडे बघून ओठ हलवायला शिकते. ती श्वास घेते तेव्हा मी घेते. कधीकधी वाटतं की मी पाण्याखाली आहे आणि ती वर, आणि आमच्या दोघींत मिळून एकच हवा आहे. तिचं नाव कुठेही येत नाही. ते बाहेर फुटायचं नाही, असं माझ्या करारात आहे आणि तिच्याही. फुटलं तर मला पुढचा सिनेमा नाही. पण ताई, खरं सांगू? मला सिनेमाचं एवढं भय नाही. धक्क्यावर आपल्या बायका उभ्या आहेत, माउलीची होडी सुटतेय, मी तोंड उघडते आणि ओळ पडते, याचं भय आहे.

एक स्वप्न मला नेहमी पडतं. आपली वखार असते. पिंपं, टोपल्या, सगळ्या बायका रांगेत, आणि त्या माझी वाट बघताहेत. मी गायला जाते तर तोंडातून मीठ येतं. कोरडं, बारीक, पांढरं, आवाज न करता. त्या रागवत नाहीत. नुसत्या ओंजळी धरतात आणि ते पिंपात भरतात.

म्हणून मी येत नाही. आता कारण तुला कळलं.

माझ्यापाशी देण्यासारखा आवाज नाही. माया तेवढी जुन्याच पट्टीत आहे.

तुझी,
नेला

---

सान तिर्सो,
२० एप्रिल १९५९

चि. नेला हिस आशीर्वाद. वि. वि.

पत्र मी चुलीपाशी वाचलं आणि लगेच चुलीत घातलं. आता ते फक्त माझ्या डोक्यात आहे आणि तिथे जागा भरपूर आहे.

मी विचार केला तो असा. तुला यावंसं वाटतं की नाही? वाटतं. मग ये. गावानं गा म्हणू नये एवढीच अडचण ना? दुखवटा असलेल्या घरात उतरलेल्या पाहुणीला गा म्हणायची सान तिर्सोत कोणाची छाती नाही, फेर्मिनशेठचीही नाही. तेव्हा मी नऊ मेला काळं उतरवणार नाही. आणखी एक वर्ष घालीन. पाद्रीबाबांना विचारून घेतलं. कमीत कमी किती ते ठरलेलं आहे, जास्तीत जास्त किती ते कुठे लिहिलेलं नाही, असं ते म्हणाले. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे काही त्यांना माझ्याकडून अपेक्षित नव्हतं.

आता तू म्हणशील की ताई माझ्यासाठी अंधारात बसते. तसं नाही. तू खरं लिहिलंस, मीही लिहिते.

लाउरेआनो बुडाला त्या दिवशी वखारीत मी गात होते. सकाळ चांगली होती, होड्या सगळ्या बाहेर. फेर्मिनशेठ दारात येऊन म्हणाले की वायव्येला आभाळ काळं झालंय. मी शब्दाच्या मध्यावर थांबले. माझ्या उजव्या हाताला सासूबाई होत्या, ओळ त्यांच्याकडे गेली. त्यांनीही उचलली नाही. सबंध वखारीत कोणीच उचलली नाही. नुसता मासळीच्या माना मोडल्याचा आवाज येत होता. दुपारी सात होड्यांतल्या पाच आल्या.

आता मी वाचते. वादळ हवेच्या दाबानं येतं, गाण्यानं येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सात वर्षं मी आणि सासूबाई एका टेबलावर जेवतो आणि त्या ओळीबद्दल एक अक्षर बोललेलो नाही. तेव्हा एक वर्ष इकडे की तिकडे, मला त्याचं विशेष नाही. काळं घालायची सवय झाली की डाग दिसत नाहीत, हा फायदाही आहे.

तू ये. स्वयंपाकघरात बस, फाबा निवड, कोणी काही मागणार नाही.

लोभ वाढता असो म्हणतात. माझा आहे तेवढाच आहे, पण तो हलत नाही.

तुझी,
तेल्वाताई

---

मेक्सिको शहर,
१२ मे १९५९

ती. ताईस सा. न. वि. वि.

तीन दिवसांमागे नऊ तारीख होती. इथे सकाळपासून पाऊस. दरवान वर आला आणि आज पत्र नाही म्हणून काळजीनं चौकशी करून गेला.

मी येते. व्हेराक्रूसहून सान्तान्देरला जाणारी बोट आहे, अकरा जुलैपर्यंत घरी पोचेन, अठराला परतीची बोट. पण भाऊजींच्या मागे लपायला मी येणार नाही. फेर्मिनशेठना मी माझ्या तोंडानं नाही म्हणेन. काय व्हायचं ते होईल.

तुझ्यासाठी कापड घेतलंय. करडं, पण उजेडात धरलं की निळं दिसतं. दुकानदार विचारत होता की बाई उंच आहेत की ठेंगण्या. मला आठवेना. अकरा वर्षं झाली, मला तू मिठाच्या टेबलाशी बसलेलीच आठवतेस. जास्तीचं घेतलंय.

समोरासमोर भेटेपर्यंतचा लोभ या कागदावर असू दे.

तुझी,
नेला

---

बोटीवर,
२४ जुलै १९५९

ती. ताईस सा. न. वि. वि.

सहा दिवस नुसतं पाणी आहे. पत्र हवानात टाकीन. डेकवर झोपलं की वरती आभाळ हलतं आणि आपण थांबलेलो असतो.

ताई, आपण जत्रेच्या दिवशी काही बोललोच नाही. घरी आलो तर तुम्ही दोघी कांदा चिरायला बसलात, आणि कांद्याच्या नावानं तिघी रडलो, एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे माझी गाडी. म्हणून आता लिहून विचारते.

तुला ठाऊक आहे की मी फेर्मिनशेठना तीनदा नाही म्हटलं. धक्क्यावर गेले ती नुसती बघायला. माउलीची होडी सोडली, पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, आणि शेठनी कर्णा लावला. आधी सुई खरखरली. तो खरखराट ऐकला आणि वाटलं, आता माझा वीस वर्षांचा गळा येणार, लोक माझ्याकडे बघणार, आणि मी इथेही ओठ मिटून उभी राहणार. म्हणजे मी माझाच आवाज उसना घेतल्यासारखं. मी पुढे गेले आणि सुई उचला म्हणून सांगितलं. शेठना वाटलं मी राजी झाले. त्यांनी टाळ्या वाजवल्या, बिचारे.

मग मी गायले. काय निघालं ते तू ऐकलंस. खालच्या पट्टीत, जाडंभरडं. बायका गप्प झालेल्या मला पाठीवर कळलं. दोन ओळी गेल्या. तिसरी जिथे वर चढते तिथे मी शेवटच्या शब्दाआधी श्वास घेतला, आणि तो शब्द आलाच नाही.

गाणारीनं होड्या खाडीच्या मुखाबाहेर जाईपर्यंत मागे वळायचं नसतं, म्हणून मी वळले नाही. पण ओळ पडली नाही. मागून कोणीतरी उचलली. तुझा आवाज मी ओळखते, तुझा दुसरा आला, आणि मग सगळ्यांचा. पहिला तुझा नव्हता. गंजलेल्या कप्पीवरून दोर ओढावा तसा होता. ताई, तो कोणाचा?

मी परत गेले की दोन गोष्टी सांगणार आहे. पडद्यावर ओरालियाचं नाव लिहा, नाहीतर मी नाही. दुसरं, या खालच्या पट्टीत चालेल असं एखादं गाणं असेल तर ते माझं मी म्हणेन. ते बहुतेक मला आता आईची कामं देतील. आईला गाणी कमी असतात, आणि खांदे झाकलेले असतात. सासूबाईंना सांग.

किनारा दिसेपर्यंत पुरेल एवढा लोभ तुझ्याकडून घेऊन निघालेय.

तुझी,
नेला

---

सान तिर्सो,
३० ऑगस्ट १९५९

चि. नेला हिस तेल्वाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

या पाकिटाला काळी किनार नाही हे तुझ्या दरवानाला दाखव. त्याला म्हणावं, सगळे जिवंत आहेत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या सासूबाई होत्या.

तू समोर बघत होतीस म्हणून तुला दिसलं नाही. आम्ही दोघी मागे, वखारीच्या सावलीत उभ्या होतो, काळं घालून, लोकांपासून चार पावलं बाजूला. तुझा शब्द तुटला तेव्हा मी माझ्या उजव्या हाताला बघितलं. का बघितलं ते मला सांगता येणार नाही. सासूबाईंचे डोळे होड्यांवर होते. तोंड आधी उघडलं आणि आवाज मागून आला, जड दार ढकलल्यासारखा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गळा, त्यात सात वर्षांचं कुलूप. सूर म्हणावा असा नव्हताच. पण शब्द तोच होता, तुझ्या तोंडातून न आलेला. मग मला गावंच लागलं. शेजारणीला एकटी सोडता येत नाही. बाल्बिना म्हणते की तिनं तिसऱ्या नंबरला उचलली. मला तिचा आवाज पाचवा ऐकू आला, पण मी वाद घातला नाही.

त्या दिवशी होड्या सगळ्या परत आल्या. रोज येतात तशाच. मी त्यात काही बघत नाही.

तू गेल्यावर, संध्याकाळी जेवायला बसलो. सासूबाईंनी चमचा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग ताटाकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी ओळ माझ्याकडे आली होती, तेल्वा."

सात वर्षं मी समजत होते की ती माझ्यापाशी पडली. त्या समजत होत्या की त्यांच्यापाशी.

 मी त्यांना फाबा वाढल्या, आणि एक पळी जास्त वाढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडिओचं फडकं सोडलं, धुतलं, आणि मासळी झाकायला घेतलं. तू आणलेलं कापड पुरलं गं. मी काही एवढी उंच नाही, उरलेल्यातून त्यांचा रुमाल झाला. गाणाऱ्या बाईला काळं घालता येत नाही, असं त्यांनीच ठरवलं. लाउरेआनो आहे तिथे आहे. कपड्याचा रंग बदलला म्हणून तो हललेला नाही.

आणि परवाच्या रविवारी मी सिनेमाला गेले. फेर्मिनशेठनी तुझा तोच सिनेमा पुन्हा लावलाय. त्या दिवशी टाळ्या वाजवल्यानंतर त्यांनी मला तुझ्या आवाजाबद्दल काही विचारलं नाही, त्या अर्थी त्यांना कळलं असावं. गावात कोणीच विचारत नाही. बाल्बिनानं फक्त एकदा म्हटलं की प्रवासानं घसा बसतो, आणि माझ्याकडे न बघता पुढे चालू लागली.

आत गेले. मिठाचा वास येतो, खरं आहे. आमची टेबलं होती तिथे खुर्च्या मांडल्यात. माझ्या जागेच्या जवळपास बसले, सासूबाई उजव्या हाताला. दिवे गेले आणि समोर तू आलीस. सासूबाई म्हणाल्या एवढं मोठं नाक तिला कुठून आलं, घरी असताना तर नव्हतं. मागच्यांनी त्यांना गप्प केलं. तुझा चेहरा घराएवढा. गालावर लहानपणी पिंपाची कड लागली होती तो व्रणही दिसतो, तो बाल्बिनानं मला एकदाही सांगितला नव्हता. लग्नाचं गाणं लागलं. त्या पोरीचा आवाज चांगला आहे. तिला सांग, श्वास शेवटच्या शब्दाआधी घे. शिकेल ती.

नेला, मी बघत होते ती तुला, पण मग माझ्या लक्षात आलं की पडदा कुठल्या भिंतीवर आहे. ती माझी भिंत आहे. सहा वर्षं मला वाटायचं की तू तिकडे लांब, दाराच्या बाजूला कुठेतरी असणार. मी इकडे फाबा निवडत होते, सासूबाई पाठ टेकून माळ ओढत होत्या, आणि तू त्याच भिंतीच्या मागच्या अंगाला. घरी येऊन मी पावलं मोजली. माझी कढई ज्या खिळ्याला टांगते तो बरोबर तुझ्या कपाळामागे येतो.

सासूबाईंना दाखवलं.  संध्याकाळी बघते तर त्यांनी कढई काढून दुसऱ्या खिळ्याला लावली होती.

इकडे सर्व क्षेम. लोभ एक वीत भिंतीच्या अंतरावर आहे, हात लांब केलास की लागेल.

तुझी,
तेल्वाताई

ता. क. सासूबाई विचारतात, आईचं काम कधी येणार.